कार्बन फायबर ड्राइव्हशाफ्ट: कशासाठी घ्यायचा, कसा निवडायचा, कसा बसवायचा (मस्टँग जीटी, २०१५ ते २०२३)

डेट्रॉइटकर (धागाकर्ता)

ड्राइव्हशाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत नेणारा फिरता दांडा. या पिढीच्या मस्टँग जीटीला कंपनीकडून दोन तुकड्यांचा लोखंडी शाफ्ट येतो. मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं आणि ते दोन बोल्टांनी गाडीच्या तळाला लटकतं. सगळं मिळून वजन साधारण १७-१८ किलो. त्याच्या जागी एकसंध कार्बन शाफ्ट घातला की ८-९ किलोवर येतं. अमेरिकेत असे शाफ्ट ड्राइव्हशाफ्ट शॉप, क्यूए१, पीएसटी वगैरे कंपन्या विकतात. किंमत साधारण १,२०० ते २,००० डॉलर.

इतके पैसे घालणाऱ्यांपैकी बरेच जण चुकीच्या कारणासाठी घालतात, म्हणून हा धागा. कार्बन शाफ्ट हा वेगाचा आणि कंपनाचा उपाय आहे. हॉर्सपॉवर वाढवायचा नाही. हे पक्कं असेल तर निवड सोपी होते. ज्यांना नेमकी माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट भर घालावी.

गणिती_गिअर

आधी शाफ्ट किती फिरतो ते काढा. इंजिनच्या आरपीएमवरून (मिनिटाच्या फेऱ्यांवरून) नको, चाकावरून काढा. २५५/४० आर१९ टायरचा भार पडल्यावरचा परीघ साधारण २.०९ मीटर. मागचा गिअर रेशो ३.५५ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.५५ फेऱ्या) धरला तर ताशी १ किमीला शाफ्टचे २८.३ आरपीएम होतात. म्हणजे ताशी १०० ला २,८३०, २०० ला ५,६६० आणि २५० ला जवळजवळ ७,०८०. रेशो ३.७३ असेल तर हे सगळे आकडे ५ टक्क्यांनी वाढतील.

आता क्रिटिकल स्पीड. ठरावीक आरपीएमला नळीची स्वतःची कंपनसंख्या आणि फिरण्याची संख्या जुळते. तिथे शाफ्ट मध्येच धनुष्यासारखा वाकायला लागतो आणि मग फटकारतो. दोन टोकांवर टेकलेल्या पातळ नळीसाठी हा वेग तीन गोष्टींवर ठरतो: त्रिज्येच्या सम प्रमाणात, लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि नळीच्या पदार्थाचा कडकपणा भागिले घनता याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. नळीच्या भिंतीची जाडी या हिशोबात जवळपास येतच नाही.

टोकांच्या जॉइंटच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांच्या) मध्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर लांबी धरून:

साडेतीन इंची लोखंडी नळी: सुमारे ६,५७० आरपीएम
चार इंची ॲल्युमिनियम: सुमारे ७,४२०
साडेतीन इंची कार्बन, लांबीच्या दिशेने १०० गिगापास्कलच्या आसपास कडकपणा असलेली: १०,००० च्या वर

हे कागदावरचे आकडे. टोकांची वजनं आणि जॉइंटमधली ढिलाई धरून प्रत्यक्षात यांच्या पाऊण पटीपर्यंतच शाफ्ट फिरवावा. तसं केलं तर सुरक्षित वेग लोखंडाला ताशी १७४, ॲल्युमिनियमला १९७ आणि कार्बनला २७० च्या थोडा वर येतो. अमेरिकेतल्या जीटीला कंपनीची वेगमर्यादा ताशी १५५ मैलांची, म्हणजे २५० किमीची आहे. फोर्डने शाफ्टचे दोन तुकडे का केले याचं मुख्य उत्तर इथेच आहे. लांबी अर्धी केली की क्रिटिकल स्पीड चौपट होतो.

लांबी स्वतःच्या गाडीची घाला. दीडऐवजी १.४ मीटर आली तरी सगळे आकडे १५ टक्क्यांनी वर जातात.

बे_एरिया_बाळ

मग ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट अर्ध्या किमतीत मिळतो, तो का नको? वजन तर त्यानेही उतरतं.

गणिती_गिअर

@बे_एरिया_बाळ, रस्त्यावर आणि पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीला चालेल, खुशाल घ्या. पण कडकपणा भागिले घनता हे गुणोत्तर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोघांचं जवळजवळ सारखंच आहे. ॲल्युमिनियमला जो फायदा मिळतो तो फक्त मोठ्या व्यासाच्या नळीचा. चार इंची नळी टनेलमध्ये (गाडीच्या तळाच्या शाफ्टसाठीच्या खोबणीत) मावत नसेल तर तोही गेला. मोठ्या सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर ताशी २२०-२४० गाठणार असाल तर मी कार्बनच सांगेन.

रेझिन_आणि_धागा

वरच्या हिशोबात "लांबीच्या दिशेने १०० गिगापास्कल" असं जे म्हटलंय त्यावर पुन्हा बोट ठेवतो, कारण फसवणूक इथेच होते.

कार्बन नळीचा कडकपणा धागे कोणत्या कोनात गुंडाळलेत त्यावर ठरतो. पीळ सोसायला धागे ४५ अंशांच्या आसपास हवेत. वाकण्याविरुद्ध कडक राहायला ते नळीच्या लांबीला जवळपास समांतर हवेत. चांगला शाफ्ट या दोन्ही थरांचा मेळ असतो. सगळेच थर अधिक-उणे ४५ अंशांचे घातले तर नळी पीळ छान सोसेल, पण लांबीच्या दिशेचा कडकपणा १५-२० गिगापास्कलवर येईल. अशा नळीचा क्रिटिकल स्पीड त्याच मापाच्या लोखंडापेक्षाही कमी भरतो! बाहेरून दोन्ही काळ्या, चकचकीत, सारख्याच दिसतात. वरची विणकामाची नक्षी हा बऱ्याचदा फक्त शोभेचा शेवटचा थर असतो, तिच्यावरून आतलं काहीच कळत नाही.

म्हणून विकणाऱ्याला लेखी विचारा: या लांबीला, या नळीचा क्रिटिकल स्पीड किती? आकडा न देता "रेसिंग ग्रेड आहे" असं उत्तर आलं तर पुढे बोलू नका.

दुसरं म्हणजे टोकाचा सांधा. धातूचं टोक नळीत चिकटवलेलं असतं आणि सगळा टॉर्क त्या गोंदाच्या थरातून जातो. कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट टेकले आणि मध्ये मिठाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी सुटते, चिकटलेला पृष्ठभाग उचलला जातो. चांगले उत्पादक मध्ये काचतंतूचा थर ठेवतात. तो आहे का, हाही प्रश्न लेखीच विचारायचा. मिशिगन, न्यू जर्सीकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, तिथे हा मुद्दा क्रिटिकल स्पीडइतकाच मोठा. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेतही तेच.

तिसरं, उष्णता. साधारण १२० अंशांना पक्कं केलेलं इपॉक्सी त्याच तापमानाच्या आसपास मऊ पडायला लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळून जाणाऱ्या भागात कंपनीची उष्णतारोधक पत्रा-ढाल काढून टाकू नका. एक्झॉस्ट आणि नळीत कमीत कमी एक इंच मोकळी जागा हवी, कन्व्हर्टरपाशी त्याहून जास्त. आफ्टरमार्केट एक्झॉस्ट असेल तर हे माप शाफ्ट मागवण्याआधी घ्या.

बे_एरिया_बाळ

डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) १०-१५ हॉर्सपॉवर वाढल्याचे आलेख दाखवतात त्याचं काय?

गणिती_गिअर

त्यात शाफ्टचा वाटा शोधून सापडणार नाही. हिशोब बघा. १७ किलोचा लोखंडी आणि ८ किलोचा कार्बन यांच्या फिरत्या जडत्वात फरक सुमारे ०.००८ किलो-चौ.मीटर. डायनोवर शाफ्ट २,००० पासून ७,००० आरपीएमपर्यंत आठ सेकंदांत गेला असं धरा. त्या जास्तीच्या जडत्वाला फिरवायला लागणारा टॉर्क अर्धा न्यूटन-मीटर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला अर्धा हॉर्सपॉवर. तेल किती तापलंय आणि टायरमध्ये हवा किती आहे यानेच याहून जास्त फरक पडतो.

गाडीच्या वजनाच्या भाषेत सांगायचं तर ९ किलो खरे कमी झाले आणि फिरण्याचा फायदा आणखी एका किलोचा. १,७०० किलोच्या गाडीत १० किलो. थ्रॉटल सोडताना-दाबताना गाडी जरा चटकन उत्तर देते असं जे वाटतं, ते सेंटर बेअरिंगचं रबर आणि एक जॉइंट मधून निघून गेल्यामुळे. तो फायदा खरा आहे, फक्त तो हॉर्सपॉवरमध्ये मोजता येत नाही.

गॅरेजवाला_ह्यूस्टन

टॉर्क रेटिंगचंही असंच आहे. २०१८ ते २०२१ च्या जीटीचा टॉर्क ५६९ न्यूटन-मीटर, मॅन्युअलचा पहिला गिअर ३.२४, म्हणजे शाफ्टवर कागदोपत्री १,८४० च्या पुढे. पण साध्या टायरवर तेवढा टॉर्क टिकतच नाही, चाकं आधी फिरतात. मागच्या चाकांवर, निघताना मागे सरकणारं वजन धरून, हजार किलोचा भार आणि पकड १.१ धरली तर शाफ्टवर टिकून राहणारा टॉर्क १,००० च्या आसपासच येतो.

शाफ्ट मोडतो तो झटक्याने. क्लच एकदम सोडणं, आणि त्याहून वाईट म्हणजे मागची चाकं थडथड उड्या मारणं. या पिढीच्या मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनला ती खोड आहे. चाक हवेत फिरतं, खाली येऊन पकडतं, पुन्हा सुटतं, दर वेळी नेहमीच्या कितीतरी पट झटका. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) बुश आणि तिला हलू न देणारं लॉकआउट किट, मग शाफ्ट. उड्या तशाच ठेवून महागडा शाफ्ट घातला तर मोडण्याची जागा पुढे सरकते, डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारा हाफशाफ्ट जातो किंवा डिफरन्शियल.

मागवण्याआधीची तपासणी:

१. गिअरबॉक्स कुठला. मॅन्युअल, सहा-स्पीड ऑटोमॅटिक आणि २०१८ नंतरचा दहा-स्पीड, तिघांचे शाफ्ट वेगळे. वर्ष आणि गिअरबॉक्स दोन्ही सांगितल्याशिवाय पैसे भरू नका.

२. दोन्ही फ्लँजच्या (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलवरच्या, शाफ्ट बोल्टांनी जिथे बसतो त्या चकत्यांच्या) समोरासमोरच्या सपाट तोंडांमधलं अंतर. गाडी चारही चाकांवर उभी करून मोजा, दोन ठिकाणी, मिलिमीटरमध्ये. डिफरन्शियल सबफ्रेमला पक्कं असल्यामुळे सस्पेन्शन खाली-वर झाल्याने लांबी बदलत नाही, पण इंजिनचे माउंट बसलेले असतील तर बदलते. जुनी, मागे एकच भरीव ॲक्सल असलेली मस्टँग असेल तर मात्र चाकांवर भार हवाच. स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं टोक) असेल तर तो पूर्ण आत ढकलून मग १९ ते २५ मिमी बाहेर काढून माप घ्यायचं.

३. फ्लँजवरच्या बोल्टांचं वर्तुळ आणि मधल्या गोल खांद्याचा व्यास. शाफ्टला मध्यावर धरतो तो हा खांदा. बोल्ट फक्त दाबून धरतात.

४. जॉइंटचं माप. १३१० आणि १३३० या ठरावीक मापांच्या जॉइंटच्या कपांचा व्यास सारखाच, १.०६२ इंच. १३५० चा १.१८८. सुपरचार्जर असेल तर १३५० च्या खाली जाऊ नका. मागे सीव्ही जॉइंट (कोनातही एकसारख्या वेगाने फिरणारा) असलेला शाफ्ट शांत चालतो, पण रबरी बूटची वेगमर्यादा विचारून घ्या. जास्त आरपीएमला बूट फुगतो आणि ग्रीस फेकतो.

५. बॅलन्स किती आरपीएमला केला त्याचा कागद. साध्या शाफ्टला नळीवरच वजन वेल्ड करतात. कार्बनवर ते शक्य नाही, वजन धातूच्या टोकांवरच लागतं. त्यामुळे गावातल्या शाफ्टवाल्याकडे नंतर बॅलन्स करून घेऊ असं ठरवू नका.

गणिती_गिअर

बॅलन्सचा अंदाज यावा म्हणून: जी-१६ हा बॅलन्सचा दर्जा, ७ किलोचा शाफ्ट, ७,००० आरपीएम. एकूण चालणारा असमतोल सुमारे १५० ग्रॅम-मिमी. ४४ मिमी त्रिज्येवर तो साडेतीन ग्रॅम, म्हणजे प्रत्येक टोकाला पावणेदोन. नळीवर वाळलेला चिखलाचा एक पोपडा याहून जड असतो. हायवेवर अचानक कंप सुरू झाला तर आधी शाफ्ट पुसा.

गॅरेजवाला_ह्यूस्टन

आता बसवणं. चारही चाकं सारखी वर उचला, गिअर न्यूट्रलमध्ये, मागची चाकं मोकळी, कारण बोल्ट गाठायला शाफ्ट फिरवत राहावा लागतो. जॅकस्टँडवर चार टेकू पक्के झाल्याशिवाय खाली जायचं नाही.

एक्झॉस्टचा मधला भाग, मग उष्णतारोधक ढाल, मग टनेलची पट्टी. जुना शाफ्ट काढण्याआधी पिनियन फ्लँज (डिफरन्शियलकडची) आणि शाफ्टवर आडवी रंगाची रेघ मारा. परत घालायची वेळ आली तर तीच जुळणी लागते. आधी दोन्ही टोकांचे बोल्ट ढिले करा, सेंटर बेअरिंगचे शेवटी काढा आणि शाफ्ट हाताने पेलून धरा. एक टोक लटकत सोडलं तर जॉइंट त्याच्या मर्यादेपलीकडे वाकतो.

फ्लँजची तोंडं तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. डायल गेजने पिनियन फ्लँजचा रनआउट (फिरताना ती किती डुलते) बघा. ०.१ मिमीच्या आसपास असेल तर ठीक. पाव मिमी दिसत असेल तर कितीही उत्तम शाफ्ट घातला तरी कंप येणार, आधी फ्लँजचं बघा.

नवा शाफ्ट एकट्याने चढवू नका. नळी एक्झॉस्ट हँगरवर किंवा लिफ्टच्या बाहीवर आपटली की आत थर सुटतो आणि बाहेर नुसता ओरखडा दिसतो. खांदा फ्लँजमध्ये हाताने पूर्ण बसला पाहिजे. बोल्टांनी ओढून बसवायचा नाही, तिरका बसतो. बोल्ट नवे घ्या, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर लावा, समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळा. टॉर्क शाफ्टसोबत आलेल्या कागदावरचा, कारण बोल्ट त्यांचे असतात. आवळताना शाफ्ट धरायचा तर फ्लँजला किंवा योकला पान्हा लावून. नळीला पाइप-पान्हा, पट्टा, व्हाइस काहीही लावायचं नाही.

मग कोन. डिजिटल अँगल गेज गिअरबॉक्सच्या फ्लँजवर, नळीवर आणि पिनियन फ्लँजवर. दोन्ही टोकांना साधे क्रॉसचे जॉइंट असतील तर दोन्हींचे कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळायला हवेत आणि दिशा एकमेकांचा परिणाम खोडणारी हवी. ५,००० आरपीएमला एका जॉइंटचा कोन सव्वातीन अंशांच्या वर नको. अगदी शून्यही नको. निदान अर्धा अंश असेल तरच जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया फिरतात, नाहीतर एकाच जागी खड्डे पाडतात.

शेवटी नळी आणि धातूच्या टोकाच्या सांध्यावर दोन्हीकडे पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारा. दीड-दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासा. रेघ तुटलेली दिसली तर गोंद सरकलाय. शाफ्ट त्याच दिवशी काढायचा.

बे_एरिया_बाळ

बसवल्यानंतर ताशी ११०-१३० ला घुमल्यासारखा कंप येतो अशी तक्रार फार वाचली. शाफ्टच खराब असतो का?

गणिती_गिअर

आधी मोजा. फोनमधल्या कंपनमापक ॲपने वारंवारता मिळते. फोन सीटच्या रुळावर घट्ट चिकटवा. वर धरलेल्या टायर आणि रेशोला ताशी १२० ला:

१६ हर्ट्झच्या आसपास: टायर किंवा रिम. शाफ्टचा संबंध नाही.
५७ हर्ट्झ: शाफ्टच्या एका फेरीला एक धक्का. बॅलन्स किंवा रनआउट.
११३ हर्ट्झ: एका फेरीला दोन. जॉइंटचे कोन जुळत नाहीत.

त्याच वेगाला न्यूट्रलमध्ये सोडून बघा. कंप तसाच राहिला तर दोष इंजिनचा नाही. ५७ सापडला तर मागची बाजू उघडून शाफ्ट फ्लँजवर एक-एक भोक पुढे फिरवून बसवा. फ्लँजचा आणि शाफ्टचा असमतोल एकमेकांविरुद्ध येईल अशी एक जागा बहुतेक वेळा मिळते. लिफ्टवर चाकं लटकत ठेवून मोजू नका. हाफशाफ्ट वाकड्या कोनात असतात, ते स्वतःच कंप देतात.

गॅरेजवाला_ह्यूस्टन

आणि डिफरन्शियलची शीळ वेगळी. ती पूर्वीही होती, सेंटर बेअरिंगचं रबर ती गिळत होतं. आता आत येते. तो दोष नाही, पण रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीत बायको-मुलांना चालेल का ते आधी ठरवा.

पुणे_जीटी

नमस्कार मंडळी. भारतात आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीटीला (४०१ पीएस, ५१५ न्यूटन-मीटर, सहा-स्पीड ऑटोमॅटिक) हेच शाफ्ट बसतात का? शिवाय ड्रॅगसाठी लूप (शाफ्टभोवतीचं सुरक्षेचं कडं) लागतो म्हणतात, तो कार्बनलाही लागतो?

गॅरेजवाला_ह्यूस्टन

लूप लागतोच. कार्बन नळी तुटली की तिचे धागे पिंजून निघतात, लोखंडासारखी ती जमिनीत रुतून गाडी उचलत नाही, हे खरं. पण टोकाला धातूचा योक उरतो आणि तो फिरत असतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेचा नियम: शाफ्टभोवती पूर्ण ३६० अंशांचं कडं, पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पट्टी, किंवा सात-अष्टमांश इंची ०.०६५ इंच भिंतीची वेल्ड केलेली नळी, पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत. कडं आणि कार्बन नळी यांत चारही बाजूंनी मोकळी जागा तपासा, इंजिन माउंटवर हलतं हे धरून.

डेट्रॉइटकर

@पुणे_जीटी, स्टिअरिंगच्या बाजूचा टनेलशी संबंध नाही. सहा-स्पीड ऑटोमॅटिकचा, २०१५ ते २०१७ चा शाफ्ट बघा, पण फ्लँजची मापं स्वतः घेऊन उत्पादकाला पाठवा आणि मगच मागवा. परत पाठवायचा खर्च आणि सीमाशुल्क दोन्ही अंगावर येतं.

पण आधी एक विचार करा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा ताशी १००. तुमचा रेशो ३.५५ असला तर शाफ्ट २,८३० आरपीएमवर असतो. त्या वेगाला कंपनीचा शाफ्ट अगदी निवांत आहे. गाडी आठ-नऊ वर्षांची झाली असेल आणि निघताना खालून धडधड येत असेल तर सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असण्याची शक्यता जास्त. ते बघायला गाडी वर घ्या आणि शाफ्ट बेअरिंगजवळ धरून हाताने वर-खाली हलवा. रबरात तडा दिसला किंवा नळी सहज सेंटीमीटरभर लटकली तर बेअरिंग बदला.

इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे वेग काढायचा बेत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कार्बनचे पैसे वसूल होतात. मात्र तेव्हा टायरचा वेगांक आणि उत्पादनाचं वर्ष, डिफरन्शियलचं तेल आणि शाफ्टच्या सांध्यावरची पांढरी रेघ, तिन्ही आदल्या दिवशी बघून घ्या. खोक्यातून शाफ्ट काढतानाही नळीवर नाणं टिचकावत जा. सगळीकडे एकसारखा टणक आवाज यायला हवा. एखाद्या जागी बद्द वाजलं तर कुरियरच्या पावतीसकट फोटो काढा आणि तो बसवू नका.

पुणे_जीटी

धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी गाडी वर घेऊन आधी सेंटर बेअरिंग आणि फ्लँजचा रनआउट बघतो, आकडे इथेच टाकतो.

गॅरेजवाला_ह्यूस्टन

फ्लँजच्या तोंडावरच नव्हे, खांद्याच्या कडेवरही गेज लावा. दोन्ही रीडिंग वेगळे लिहा, आणि प्रत्येकात जास्तीत जास्त आकडा कुठल्या भोकासमोर येतो तेही.